मागून जेवणाऱ्या बाईचे ताट

वाचकाचे पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही मूळचे लातूर जिल्ह्यातले. सहा वर्षांपासून भोसरीला एका खोलीत राहतो. आमचे हे एका गोदामावर कंत्राटी रखवालदार आहेत, त्यांना साडेतेरा हजार मिळतात. मी तीन घरची धुणीभांडी करून साडेसहा हजार मिळवते. लाडकी बहीण योजनेचे दीड हजार गावी सासूबाईंच्या औषधाला जातात. मुलगा महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे, मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या महिन्यात भांडी घासताना चक्कर आली म्हणून दवाखान्यात गेले, तर रक्त ८.४ भरले. डॉक्टरांनी औषधांबरोबर दूध, बीट, सफरचंद, डाळिंब आणि खजूर खायला सांगितले. डाळिंब दोनशे रुपये किलो आहे. भाडे, वीज, कर्जाचा हप्ता, गॅस आणि वरखर्च जाऊन खाण्यासाठी साडेसहा हजार उरतात. रेशनकार्ड गावी सासूबाईंच्या नावावर आहे, त्यामुळे इथे धान्य विकतच घ्यावे लागते. नणंद म्हणते, तुम्हाला पैसा पुरत नाही असे नाही, तुम्हाला खायचेच कळत नाही, पोरांच्या हातात पाच-पाच रुपयांचे पुडे देता. एका घरच्या वहिनी उरलेले अन्न देतात, ते आणावे की नाही? त्यांनीच ओट्सचा एक पुडा दिला आहे, त्याचे काय करायचे तेही समजत नाही. माझी जेवणाची वेळ ठरलेली नाही. सगळ्यांचे झाल्यावर जे असेल ते खाते. किराण्याचे भाव सोबत लिहिले आहेत.

एक वाचक, भोसरी

उत्तर

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकले आहे: "सगळ्यांचे झाल्यावर जे असेल ते खाते." त्याकडे मी येणारच आहे. आधी मात्र नणंदेच्या आरोपाचा निकाल लावू, कारण तो मनात घेऊन तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहिलात, तर मी सांगेन त्यातले काहीच तुमच्या हातून सुखाने होणार नाही.

साडेसहा हजारांना तीस दिवसांनी आणि मग चार माणसांनी भागले, की एका माणसाच्या वाट्याला दिवसाचे चोपन्न रुपये येतात. आणि त्या चोपन्न रुपयांत सकाळचा चहा, दोन वेळचे जेवण, मुलांचा मधल्या वेळचा खाऊ, तेल, मीठ, मसाला, शिवाय आल्यागेल्याला घोटभर चहा एवढे सगळे बसवायचे असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम अंगमेहनत करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे २,१३० कॅलरी लागतात, आणि तीन घरची भांडी व कपडे उरकून पुन्हा आपले घर उभे करणारी बाई त्याहून कमी काम करते असे कोणी म्हणू नये. तुम्हाला चक्कर आली ती या हिशेबाने आली आहे. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि "खायचे कळत नाही" हे लातूरकडच्या बाईला म्हणणे म्हणजे धाडसच आहे. हुलग्याचे माडगे, शेंगोळे, येसराची आमटी, जवसाची आणि कारळाची चटणी, आंबाडीची भाजी, ताकातल्या कण्या हे पदार्थ कोणा आहारतज्ज्ञाने शोधून काढलेले नाहीत. पावसाचा भरवसा नसलेल्या मुलखातल्या बायकांनी हाताशी असेल त्यातून जास्तीत जास्त सत्त्व कसे काढावे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आणले, त्याचे ते फळ आहे. तुमचे ज्ञान कमी झालेले नाही. गावी खुरपायला गेलेली बाई येताना बांधावरची तांदुळजाची, पाथरीची, घोळीची जुडी ओटीत घेऊन येते, सुगीत मजुरीबरोबर पायली-दोन पायली ज्वारी मिळते, शेजारणीच्या म्हशीचे ताक तांब्याभर मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. भोसरीच्या खोलीत मात्र पानन्‌पान विकत घ्यावे लागते आणि ज्वारी गव्हापेक्षा महाग पडते. गाव सुटताना ताटातले निम्मे पदार्थ गावातच राहिले आणि त्यांच्या जागी चहा-बटर आणि पाच रुपयांचा पुडा आला. हे लाखो घरांत झाले आहे, त्याचा दोष एकट्या तुमच्या डोक्यावर घेऊ नका.

आता रक्ताचे. ८.४ हा हिमोग्लोबिनचा आकडा मध्यम प्रतीच्या रक्तक्षयाचा आहे. आठच्या खाली गेला की तो तीव्र समजला जातो, म्हणजे तुम्ही काठावर उभ्या आहात. एवढी तूट बीट आणि डाळिंब खाऊन भरून निघत नाही, हे मी स्पष्ट सांगते. रंग लाल आहे म्हणून या फळांना रक्त वाढवण्याचा मान मिळाला. प्रत्यक्षात त्यांच्यातले लोह फार थोडे असते, आणि बाजरीची भाकरी किंवा मटकीची उसळ त्यांच्या कितीतरी पुढे असते. डॉक्टरांनी दिलेल्या औषधांत लोहाच्या गोळ्या असणार, आणि खरा उपचार त्याच आहेत. त्या परवडत नसतील तर महापालिकेच्या दवाखान्यात विनामूल्य मिळतात. गोळी चहाबरोबर किंवा चहाच्या मागेपुढे तासभर घेऊ नका, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर ती अधिक लागू पडते. शौचाला काळे होईल, पोटात थोडे मळमळेल. पहिल्याने घाबरू नका आणि दुसऱ्यासाठी गोळी जेवणानंतर घ्या, पण बंद करू नका. पुष्कळ बायका रक्त अकरा-बारावर आले, चक्कर थांबली, की गोळ्या सोडतात. शरीरातला साठा भरायला त्यानंतरही दोन-तीन महिने लागतात. दवाखान्यात आणखी दोन गोष्टी न लाजता विचारा: पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर त्याचे काय करायचे, आणि जंताची गोळी घ्यायची का. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांत चोपन्न जणींना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने नोंदवले आहे; तेव्हा तपासणाऱ्याला तुमच्या प्रश्नाचे नवल वाटण्याचे कारण नाही.

डॉक्टरांच्या यादीवर माझा राग नाही. दोन मिनिटांत पुढचा रुग्ण बघायचा असतो आणि ती यादी सगळ्यांसाठी सारखीच असते. पण पोटभर वरण-भाकरी आधीच मिळत आहे असे गृहीत धरून ती लिहिलेली असते. सफरचंदाऐवजी हंगामात पेरू घ्या; 'क' जीवनसत्त्वात सफरचंद पेरूच्या जवळपासही येत नाही, आणि जेवणातले लोह शोषून घ्यायला तेच जीवनसत्त्व लागते.

आता ज्या गोष्टीने तुमच्या चोपन्न रुपयांत खरोखर भर पडेल, त्या रेशनकार्डाकडे वळते आणि तेथे जरा थांबते. तुम्ही लिहिता की कार्ड गावी आहे, म्हणून धान्य विकत घ्यावे लागते. असे आता राहिलेले नाही. कार्ड प्राधान्य कुटुंबाचे, म्हणजे कमी उत्पन्नाच्या पात्र घराचे, असेल तर २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे दर महिना माणशी पाच किलो धान्य मिळते, जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे, आणि 'एक देश, एक रेशनकार्ड' या व्यवस्थेमुळे ते कोणत्याही गावच्या कोणत्याही रेशन दुकानात उचलता येते. पूर्ण कार्डाचे धान्य एकाच ठिकाणी उचलले पाहिजे असेही नाही. तुम्ही तुमच्या चौघांचे वीस किलो भोसरीत घ्यावे आणि सासूबाईंनी आपले गावी घ्यावे, अशी सोय त्यात आहे. (कार्ड अंत्योदयाचे, म्हणजे सर्वांत गरीब घरांसाठीचे, असेल तर माणशी नव्हे, कुटुंबाला मिळून पस्तीस किलो मिळतात, मग वाटणी घरातच बोलून ठरवावी लागेल.) मात्र सासूबाईंना आधी फोन करा. तुमच्या वाट्याचे धान्य आजवर गावी उचलले जात असेल आणि ते एकाएकी बंद झाले, तर त्या घरचा डबा रिकामा होईल आणि नणंदेला बोलायला आणखी एक विषय मिळेल.

दुकानात जाताना कार्डाचा बारा अंकी क्रमांक आणि आधार क्रमांक जवळ ठेवा, कार्ड हातात असण्याची गरज नाही. चौघांचीही नावे कार्डावर आहेत का आणि प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, झाली आहे का, हे त्याच दुकानातल्या अंगठा लावायच्या पॉस मशीनवर पाहता येते. मुलीचे नाव चढवलेच नसेल, असा मला दाट संशय आहे, कारण बाळाचे नाव कार्डावर घालायचे काम गाव सोडलेल्या घरांत हमखास राहून जाते. तसे असेल तर जन्मदाखला देऊन ते घालून घ्या, नाहीतर दर महिन्याला पाच किलो हातचे जातात.

एक अडचण मी आधीच सांगून ठेवते, कारण ती धुणीभांडी करणाऱ्या बायकांनाच जास्त येते. भांड्यांच्या पावडरीने आणि कपड्यांच्या सोड्याने बोटांची कातडी इतकी झिजते की अंगठ्याच्या रेषाच उरत नाहीत. बाई मशीनवर अंगठा ठेवते, तांबडा दिवा लागतो. पदराला पुसून पुन्हा ठेवते, पुन्हा तांबडा. मागची रांग कुरकुरायला लागते आणि बाई पिशवी घडी करून घरी येते. तसे करू नका. दुसरी बोटे लावून पाहा, करंगळीच्या आधीचे बोट बहुधा कमी झिजलेले असते. आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळा. तरीही जमले नाही तर यजमानांना पाठवा, कार्डावरच्या कोणाही एका प्रौढाचा अंगठा सगळ्यांसाठी चालतो. आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचा मार्गही आहे, तो मागून घ्या. दुकानदार "बाहेरगावचे कार्ड चालत नाही" असे म्हणाला तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते, आणि तसे शांतपणे बोलून दाखवले तरी पुष्कळदा काम होते.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा खेड्यात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार अशी आहे. महिन्याला पाच हजारांहूनही कमी मिळकतीत शहरात घर चालवणारे कुटुंब कोठे असते, हे मला तरी ठाऊक नाही. पण कागदावर मर्यादा तीच आहे. त्यामुळे "इथे नवे वेगळे कार्ड काढून देतो" असे सांगणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका, कारण हजार-दोन हजार देऊन हातात येईल ते केशरी किंवा पांढरे कार्ड, आणि त्यावर बहुधा धान्य मिळणार नाही. उत्पन्नाचा खोटा दाखलाही काढू नका. पडताळणी झाली तर खरे आहे ते सांगा आणि निर्णय तहसील कार्यालयाला घेऊ द्या. तोवर नावे कार्डावर असताना धान्य न उचलणे यात कसलाही मोठेपणा नाही.

माणशी पाच किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम धान्य, साधारण पावणेसहाशे कॅलरी. म्हणजे तुमच्या गरजेच्या चतुर्थांशाहून थोडे जास्त. डाळ आणि तेल त्यात नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा 'आनंदाचा शिधा' आला, पण सणाच्या शिध्यावर वर्ष काढता येत नाही. म्हणून रेशनकडे पोट भरण्याची सोय म्हणून न पाहता, विकतच्या धान्याचे पैसे मोकळे करणारी गोष्ट म्हणून पाहा. वीस किलो धान्य तुम्ही चाळिसाच्या आसपास भावाने घेत असाल, तर महिन्याला आठशे रुपये सुटतात, आणि या आठशे रुपयांचे काय करायचे यावर तुमचे पुढचे सहा महिने अवलंबून आहेत.

तुम्ही पाठवलेल्या भावांवरून मी एक हिशेब केला. दहा रुपयांच्या दुधातून सुमारे पाच ग्रॅम प्रथिने मिळतात, दहा रुपयांच्या अंड्यांतून आठ-नऊ, तूरडाळीतून पंधरा-सोळा, शेंगदाण्यांतून अठराच्या आसपास, हरभऱ्यातून वीस-एकवीस आणि सोयावडीतून चाळिसाच्या वर. पन्नास-पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला चाळीस ते पंचेचाळीस ग्रॅम प्रथिने हवीत. तेव्हा सुटलेल्या पैशांतून एक किलो हरभरा, एक किलो मटकी, एक किलो शेंगदाणे, किलोभर सोयावडी आणि तीस अंडी आणा. तुमच्याच भावांनी हे ६७० रुपये होतात, आणि उरलेल्या एकशेतीस रुपयांत पालेभाज्या व लिंबे. आठशे सुटले नाहीत, दोनशेच सुटले, तर आधी कडधान्य, मग अंडी. दुधाच्या आकड्यावरून ते वाईट आहे असे समजू नका. पण तुमच्याकडे रोज येणारे अर्धा लिटर, म्हणजे महिन्याचे नऊशे रुपये, जवळजवळ सगळे चहात जात असणार. मोठ्यांचा एक वेळचा चहा कोरा करा आणि ते दूध मुलीला वाटीने द्या. कोरा चहा पहिले चार दिवस गोड लागणार नाही, हे मी अनुभवाने सांगते.

अंडी आणि मटण कधीमधी खाणाऱ्या घरासाठी आणखी एक गोष्ट. कोंबडीच्या दुकानात कलेजी-पेटा मांसापेक्षा बराच स्वस्त मिळतो, आणि त्यातले लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा शरीराला सहज लागू पडते. पंधरा दिवसांतून एकदा पाव किलो आणा, आणि पहिले वाढप तुमच्या ताटात पडू द्या.

एक मूठ डाळीत चौघांचे वरण होत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन ग्रॅम प्रथिने येतात आणि बाकी पाणी, हळद, फोडणी. माणशी तीस ग्रॅम, म्हणजे चौघांना तीन चांगल्या मुठी डाळ घाला; तुमच्या भावाने ती सतरा रुपयांना पडते, आणि निम्मी तूर व निम्मी मसूर किंवा चणाडाळ घेतली तर आणखी कमी. रेशनच्या गव्हाचे सर्वांत चांगले चीज वरणफळांत होते, कारण पोळी, वरण आणि भाजी यांचे काम एका पातेल्यात आणि एका गॅसवर होते. आठवड्यातून दोन रात्री करा, त्यात मूठभर पाला आणि वर लिंबू. मुलाच्या डब्याला धपाटे द्या. गहू, ज्वारी आणि बेसन अशी तीन पिठे, त्यात मेथी किंवा मुळ्याचा पाला आणि चमचाभर तीळ घातले की ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत फ्रीजवाचून टिकतात. डाळ आणि कडधान्य रात्री भिजवून ठेवले की निम्म्या गॅसमध्ये शिजते. मटकीला मोड आणले की तिच्यात 'क' जीवनसत्त्व तयार होते आणि लोहही अधिक लागू पडते. हे तुम्हाला माहीत आहे. पहाटे साडेपाचला उठून सहाला बाहेर पडणाऱ्या बाईला ते रोज आठवत नाही, एवढेच; म्हणून रात्री भांडी घासून झाली की शेवटचे भांडे भिजवणाचे, अशी सवय लावून घ्या.

भाजी आठवडे बाजारात, बाजार उठायच्या वेळी घ्या. दिवेलागणीनंतर पालेभाजीवाल्या जुड्या मोजत नाहीत, वाटे लावतात, कारण ती भाजी उद्यापर्यंत राहणार नसते. फ्लॉवरची कोवळी पाने आणि मुळ्याचा पाला बऱ्याच जणी मागितला तर तसाच देतात. आणि तुमच्या गल्लीत किंवा कामाच्या सोसायटीत शेवग्याचे झाड असेलच. शेंगा लोक काढतात, पाल्याकडे कोणी बघत नाही. तो पिठल्यात घाला.

तेलाबाबत तुम्ही लिहिलेले भाव वाचून मी क्षणभर थांबले. सुटे तेल वीस रुपयांना शंभर ग्रॅम, म्हणजे दोनशे रुपये किलो; पिशवी दीडशे रुपयांना लिटर, म्हणजे किलोला एकशेपासष्टच्या आसपास. ज्याच्या खिशात एकदम दीडशे रुपये आहेत त्याला तेल स्वस्त, आणि ज्याच्या खिशात वीस आहेत त्याला महाग. साखर, चहापूड, कपड्यांची पावडर, सगळ्याचे असेच आहे. गरिबीत खर्च जास्त होतो, तो असा. पहिल्या महिन्यात वरच्या यादीतले थोडे कमी करून आठशेतून सर्वांत आधी एक लिटरची पिशवी घ्या, आणि ती संपेपर्यंत रोजचे वीस रुपये एका डब्यात टाकत जा; पुढची पिशवी त्या डब्यातून येईल. चाळीतल्या दोघी-तिघींनी मिळून पाच लिटरचा कॅन घेतलात तर आणखी बरे, पण वाटणी मापाने करा, अंदाजाने नको. तेलावरून मोडलेल्या मैत्र्या मी पाहिल्या आहेत.

मुलांकडे येते. सहा वर्षांखालच्या मुलीचे अंगणवाडीत नाव घातले पाहिजे. तेथे तिला रोजचा गरम आहार मिळेल आणि वजन-उंचीची नोंद होईल. आधारवर गावचा पत्ता आहे म्हणून नाव घेता येत नाही, हे कारण मान्य करू नका. मुलगा शाळेतली खिचडी खातो का, हेही पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलाला त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. चौथीतल्या मुलाला मित्रांसमोर पत्रावळीला बसायची लाज वाटू लागते आणि तो डब्यात नूडल्स मागतो. त्याला रागावू नका, दोन्ही खाऊ द्या, पण खिचडी सोडू देऊ नका.

पाच रुपयांच्या पुड्यांवर मी व्याख्यान देणार नाही. दमून घरी आलेल्या आईला पाच रुपयांत मुलाचा हट्ट थांबवता येतो आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू बघता येते. महागडी खेळणी, बागा, सहली नाकारता नाकारता जी एक गोष्ट "हो" म्हणता येते, ती हीच. मात्र दोन मुलांचे रोज दहा, म्हणजे महिन्याचे तीनशे होतात, आणि तीनशे रुपयांत बेचाळीस अंडी येतात. रविवार हा पुड्याचा वार ठरवा. बाकीचे दिवस शेंगदाणे-गूळ, फुटाणे, चुरमुऱ्याचा भडंग. पहिला आठवडा रडारड होईल.

वहिनी देतात ते उरलेले अन्न. हा प्रश्न तुम्ही भाव विचारावा तसा सहज विचारला आहे, पण तो सोपा नाही. देणाऱ्या बाईचे मन चांगले असू शकते आणि तरीही घेणारीच्या मानेला ते जड होते, हे मला ठाऊक आहे. माझा नियम असा, की आज शिजवलेले, झाकून ठेवलेले आणि त्यांच्या घरचे माणूस आज खाईल असे असेल तर आणावे, घरी उकळी फुटेपर्यंत गरम करून त्याच जेवणात संपवावे; परवाचे, फ्रीजमधून काढून द्यायचे म्हणून दिलेले, विशेषतः भात आणि नारळाचे पदार्थ, "आज घरी झालंय, वहिनी" म्हणून तेथेच ठेवावे. त्या समंजस असतील तर एकदा स्पष्ट सांगून पाहा की ताजी पोळी-भाजी दिलीत तर मी कामावरच बसून खाईन. सकाळी अकराला तुमच्या पोटात दोन पोळ्या गेल्या, तर त्या इतर कोणाच्याही वाट्याला जाणार नाहीत, आणि हाच मुद्दा मला तुमच्या त्या "सगळ्यांचे झाल्यावर" या वाक्याबद्दल मांडायचा आहे.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई खडी फोडायच्या कामावर जात असे, मी तेव्हा आठ वर्षांची होते. कामावर सुकडी, म्हणजे मजुरांसाठीचा कोरडा खाऊ, वाटली जाई, आणि आई आपल्या वाटणीची सुकडी पदराच्या गाठीत बांधून आमच्यासाठी घेऊन येई. गाठ सोडताना ती घामाने ओलसर लागायची, आणि आम्ही भावंडे तिच्यावर तुटून पडायचो. तिने काय खाल्ले हे आम्ही एकदाही विचारले नाही. पुढे तीस वर्षे मी दवाखान्यात तुमच्यासारख्या बायकांची वजने केली, तेव्हा कुठे मला कळले की त्या गाठीत जे होते ते तिच्या स्वतःच्या अंगातून कापून काढलेले होते, आणि ती पन्नाशीआधीच का खंगली.

तुम्ही मागून जेवता, तेव्हा घरात डाळ तीन मुठी शिजली काय आणि एक मूठ शिजली काय, तुमच्यापर्यंत पातेल्याच्या बुडाचे पाणीच येते. म्हणून चारही ताटे एकदम वाढा, जेवायला कोणी बसण्याआधी. यजमान रात्रपाळीला असतील तर त्यांचे झाकून ठेवा, तसेच तुमचेही वाढून झाकून ठेवा. मग कोणी जास्तीची वाटी मागितली तर ती पातेल्यातून जाईल, तुमच्या ताटातून नाही. यजमानांना हे आधी सांगा, रक्ताचा कागद दाखवून सांगा. बहुतेक पुरुषांनी बायकोचे ताट कधी पाहिलेलेच नसते. दाखवले तर पुष्कळांना ते पाहवत नाही. अंडी उकडली तर एक तुमचे. आणि कामावर निघताना रिकाम्या पोटी चहा नको, रात्रीची अर्धी भाकरी व शेंगदाण्याची चटणी उभ्याउभ्या का होईना खा.

हप्त्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी एवढेच म्हणते की तो फेडायला नवे कर्ज घेऊ नका.

महिन्याभराने रक्त पुन्हा तपासा आणि आकडा मला कळवा. वाढला नसेल तर डॉक्टरांकडे परत जा, कारण मग गोष्ट आहाराची राहत नाही.

राहिला ओट्सचा पुडा. आधी त्याच्यावरची तारीख बघा. वहिनींनी तो का दिला असेल याचा मला थोडा अंदाज आहे. तारीख उलटलेली नसेल आणि वास बरा असेल तर तव्यावर कोरडे भाजून मिक्सरला किंवा पाट्यावर दळा आणि धपाट्याच्या पिठात चौथा हिस्सा मिसळा. पुडा संपला की पुन्हा आणू नका, त्या पैशांत बाजरी येते.